कर नाही, पण घर कुठे?



गेल्या महिन्यात नागपूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. अक्षर वळणदार, पत्र चार पानी आणि शेवटी एकच प्रश्न. गुरुजींची थोरली मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. घराण्यात परदेशी शिकलेली ती पहिलीच. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले, तेव्हा तारण म्हणून गुरुजींनी आपले राहते घर लिहून दिले. मुलगी आणि जावई आज अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरात नोकरी करतात आणि दरमहा सहाशे डॉलर कर्जाच्या हप्त्यासाठी पाठवतात. हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही, हे गुरुजींनी पत्रात दोनदा लिहिले आहे.

आता मुलीला वायोमिंग राज्यातील टीटन काउंटीत एका रुग्णालयातून बोलावणे आले आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. डोंगराळ मुलूख, हवा उत्तम, पगार आजच्यापेक्षा जास्त. मुलगी फोनवर म्हणाली, ‘बाबा, त्या राज्यात प्राप्तीकरच नाही. कराचे जे पैसे वाचतील त्यातूनच कर्जाचा हप्ता जाईल.’ गुरुजी विचारतात, ‘कर नाही म्हणजे पैसा उरणारच ना? मग लेकीला जा म्हणू का?’

प्रश्न एका घरचा असला तरी तो आज आपल्या अनेक घरांचा आहे. आपली मुले-मुली पुण्या-मुंबईच्या पलीकडे, साता समुद्रापार पोचली आहेत. पगाराचा आकडा ऐकून आपण आईबाप हरखतो आणि खर्चाचा आकडा विचारायचा राहून जातो. म्हणून या वेळच्या लेखात आम्ही गुरुजींच्या लेकीचा हिशोब उघड मांडायचे ठरवले. गुरुजींनी त्याला संमती दिली, याबद्दल त्यांचे आभार.

आधी जागा कशी आहे ते पाहू. वायोमिंग हे अमेरिकेतील सर्वांत कमी लोकवस्तीचे राज्य. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या ५,७६,८५१ होती. आपल्याकडची एखादी मोठी महानगरपालिकाही याच्यापेक्षा मोठी भरते. राज्याच्या पश्चिम टोकाला टीटन काउंटी आहे. तिची लोकसंख्या २३,३३१ आणि तिच्यातील मुख्य गाव जॅक्सन. गाव समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. शेजारी ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान, उत्तरेला यलोस्टोन. उन्हाळ्यात पर्यटक, हिवाळ्यात बर्फावर घसरायला येणारे हौशी लोक. त्यांच्या सरबराईवर गावाचा संसार चालतो.

या राज्यात प्राप्तीकर नाही, हे अगदी खरे आहे. व्यक्तीला नाही आणि कंपनीलाही नाही. वारसाकरही नाही. मग राज्य चालते कशावर? जमिनीखालच्या संपत्तीवर. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि ट्रोना नावाचे खनिज तिथे निघते. हे खनिज जमिनीतून काढले की त्यावर राज्य कर घेते. १९७४ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून या उत्पन्नाचा एक भाग कायमच्या निधीत ठेवायचे ठरवले. त्या निधीचे उत्पन्नही राज्याला मिळते. म्हणजे तिथल्या रहिवाशाला जी सूट मिळते, तिचे पैसे बऱ्याच अंशी खाणींतून येतात.

पण सूट सर्वांना सारखी असली तरी तिचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. हे नीट समजून घ्यायला हवे. समजा एखाद्याचे उत्पन्न दहा लाख डॉलर आहे आणि त्याच्या जुन्या राज्यात दहा टक्के कर होता. तो टीटन काउंटीचा रहिवासी झाला की वर्षाला एक लाख डॉलर वाचवतो. पन्नास हजार कमावणाऱ्या स्वयंपाक्याचे वाचतात दोन-तीन हजार. साहजिकच पहिल्या प्रकारच्या माणसांना या डोंगराची ओढ जास्त. येल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जस्टिन फॅरेल मूळचे वायोमिंगचेच. त्यांनी २०२० साली ‘बिलियनेअर विल्डरनेस’ हे पुस्तक याच काउंटीतील अतिश्रीमंतांवर लिहिले. वॉशिंग्टनच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१८ साली जो अहवाल काढला, त्यात जॅक्सन आणि त्याच्या भोवतीचा टापू अमेरिकेत सर्वांत विषम ठरला. २०१५ च्या आकड्यांनुसार तिथे वरच्या एक टक्का लोकांचे सरासरी उत्पन्न उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांच्या सरासरीच्या १३२ पट होते.

यावरून एक सूचना आम्ही ओघात करतो. एखाद्या गावाचे ‘सरासरी उत्पन्न’ पाहून तिथे जाण्याचे ठरवू नये. एका पंगतीत एक सावकार आणि नऊ मजूर बसले, तर त्या पंगतीची सरासरी मोठीच निघते. पण मजुराच्या खिशात त्यातले काही येत नाही.

आता घराकडे वळू. टीटन काउंटीतील सुमारे ९७ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची आहे. राष्ट्रीय उद्याने, राखीव जंगल, सांबरांसारख्या एल्क नावाच्या प्राण्यांचे अभयारण्य. तिथे घर बांधता येत नाही. उरलेल्या तीन टक्क्यांत गाव, शेते, हॉटेले, बंगले आणि कामगारांची वस्ती हे सगळे बसवायचे. जमीन वाढत नाही आणि विकत घेणारे जगातले श्रीमंत. मग किमतींचे काय होणार? तिथे आज स्वतंत्र घर वीस-तीस लाख डॉलरांच्या खाली मिळणे दुरापास्त आहे. काही घरे वर्षातून थोडे आठवडे उघडतात आणि बाकी काळ कुलूपबंद असतात. त्याच वेळी त्या घरांची झाडलोट करणाऱ्यांना गावात खोली मिळत नाही.

म्हणजे कर आणि भाडे हे दोन वेगळे विषय नाहीत. करमाफीने श्रीमंत आले, श्रीमंतांनी जमीन महाग केली आणि ती महागाई भाडेकरूच्या भाड्यात उतरली. सरकार जे घेत नाही ते घरमालक घेतो. नोकरदार माणसाच्या दृष्टीने खिसा एकच, फक्त हात वेगळा.

आणखी एक गैरसमज दूर करू. ‘प्राप्तीकर नाही’ याचा अर्थ पगार पूर्ण हातात पडतो असा नाही. केंद्र सरकारचा प्राप्तीकर सर्व राज्यांत सारखाच लागतो. निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या औषधोपचाराच्या सरकारी योजनांसाठी पगारातून ७.६५ टक्के कपात होते, तीही सगळीकडे. वायोमिंगमध्ये राज्याचा विक्रीकर ४ टक्के, त्यावर काउंटी आपली भर घालते. किराणा मालावर मात्र तिथे विक्रीकर नाही, ही सोय चांगली. घरपट्टी आहे. राहत्या घराच्या बाजारभावाच्या साडेनऊ टक्के रक्कम धरून तिच्यावर ती आकारतात. घरांच्या किमती भडकल्या तशी घरपट्टीही भडकली, तेव्हा २०२४ साली राज्याने कायदा करून राहत्या घराच्या घरपट्टीची वाढ वर्षाला चार टक्क्यांवर रोखली. २०२५ साली घराच्या पहिल्या दहा लाख डॉलर किमतीवर पंचवीस टक्के सूटही दिली. पण ही सवलत घरमालकाला. भाडेकरूच्या पावतीत ती आपोआप उतरत नाही.

आता गुरुजींच्या लेकीची वही उघडू. मुलीने वडिलांना जे आकडे कळवले तेच आम्ही घेतले आहेत.

आज कोलंबसमध्ये मुलीला वर्षाला ८०,००० डॉलर आणि जावयांना ६०,००० मिळतात. एकूण १,४०,०००. कोलंबस शहर पगारावर अडीच टक्के कर घेते, ते झाले ३,५००. ओहायो राज्याचा कर या उत्पन्नावर आजच्या दराने साधारण तेवढाच, ३,५०० च्या आसपास. म्हणजे वायोमिंगला गेल्यास वर्षाला सुमारे ७,००० डॉलर वाचतील. महिन्याचे पावणेसहाशेच्या वर. कर्जाचा हप्ता सहाशे. मुलीचे म्हणणे चुकीचे नव्हते. करातून हप्ता जवळपास निघतो. तिने वहीचे एक पान बरोबर लिहिले होते, पण एकच पान.

दुसरे पान उत्पन्नाचे. नव्या जागी मुलीला ९५,००० मिळणार. जावई हिशेबनिसाचे काम करतात. त्यांना तिथे ५०,००० चे काम मिळेल असे धरू. एकूण १,४५,०००. वाढ झाली पाच हजारांची. त्यातून केंद्राचा कर आणि ७.६५ टक्क्यांची कपात गेली की हातात साडेतीन हजार येतील. पत्रात पगारवाढ ‘पंधरा हजार’ म्हणून लिहिली होती. ती मुलीची वाढ. जावयांची घट कुणी लिहिलीच नव्हती.

तिसरे पान घराचे. आज दोन खोल्यांच्या घराला त्या दोघांना महिना १,५०० डॉलर भाडे पडते आणि घर दोघांच्याही कामापासून जवळ आहे. जॅक्सनमध्ये मुलीने चौकशी केली तेव्हा तेवढ्याच घराला ४,००० सांगितले. फरक महिन्याला अडीच हजार, वर्षाला ३०,०००.

आता बेरीज करा. कराचे वाचले ७,०००. पगाराचे वाढले ३,५००. भाड्यात गेले ३०,०००. वर्षाला १९,५०० डॉलरचा खड्डा. ज्या करबचतीतून हप्ता भरायचा होता, ती भाड्याच्या पहिल्या तीन महिन्यांतच संपते. आणि हप्ता थकला तर बँकेची नोटीस जॅक्सनला जाणार नाही, ती नागपूरला गुरुजींच्या दारावर येईल.

यावर मुलगी म्हणाली, ‘गावात नको, बाहेर राहू.’ शहाणपणाचे बोलली. जॅक्सनमधील हजारो कामगार तेच करतात. आपल्या माथेरानला नाही का, पायथ्याच्या वाड्यांतून माणसे रोज कामासाठी डोंगर चढतात, तसेच हे. फक्त तिथे दोन दिशांना दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा हिशोब वेगळा आहे.

पश्चिमेची वाट टीटन खिंडीतून जाते. खिंडीची उंची ८,४३१ फूट, चढ काही ठिकाणी दहा टक्के. पलीकडे व्हिक्टर आणि ड्रिग्ज ही गावे. जॅक्सनपासून व्हिक्टर सुमारे २४ मैल. मैल म्हणजे सोळाशे मीटर. पण खिंड ओलांडली की राज्य बदलते. ती गावे आयडाहो राज्यात आहेत आणि आयडाहोत प्राप्तीकर आहे, २०२५ पासून ५.३ टक्के. नियम असा की माणूस राहतो त्या राज्यात त्याच्या सर्व उत्पन्नावर कर लागतो, मग काम कुठेही असो. दुसऱ्या राज्यात कर भरला असेल तर त्याची वजावट मिळते. पण वायोमिंगमध्ये करच नाही, तर वजा काय करणार? म्हणजे दिवसभर करमुक्त राज्यात घाम गाळायचा आणि रात्री पाठ टेकायला करवाल्या राज्यात यायचे. ज्याच्याकडे घर आहे त्याला कर नाही. ज्याला घर परवडत नाही त्याला कर आहे. यापेक्षा उलटी गंगा कोणती?

व्हिक्टरचा हिशोब असा. भाडे २,५०० धरले तर वर्षाला १२,००० जास्त. आयडाहोचा कर या उत्पन्नावर ५,५०० च्या आसपास, म्हणून करबचत सात हजारांवरून दीड हजारावर आली. दोघांनी एकाच गाडीने वर्षाला २४० दिवस जायचे-यायचे म्हटले तर साडेअकरा हजार मैल होतात. अमेरिकेच्या कर खात्याने २०२५ साठी कामाच्या गाडीखर्चाचा दर मैलाला ७० सेंट ठरवला होता. त्या दराने आठ हजार डॉलर. एकूण खड्डा १५,००० चा. आयडाहोचा विक्रीकर ६ टक्के आणि तो किराण्यावरही लागतो. त्याचा काही भाग वर्षअखेरीच्या विवरणपत्रात परत मिळतो.

पैशांपलीकडे त्या वाटेचा भरवसाही पाहावा लागतो. ८ जून २०२४ रोजी टीटन खिंडीतील रस्त्याचा एक मोठा तुकडा दरड खचून खाली गेला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण रस्ता बंद झाला आणि पलीकडच्या कामगारांना साठ-एक मैलांचा वळसा पडू लागला. एका बाजूला तासाभराहून जास्त वेळ वाढला. तात्पुरता वळणरस्ता बांधून २८ जूनला वाहतूक सुरू झाली. ते वीस दिवस ज्यांनी सोसले त्यांच्यात परिचारिका होत्या, शिक्षक होते, हॉटेलातले आचारी होते. रस्ता एक खचला, तेव्हा सर्वांना दिसले की श्रीमंत गावाचा रोजचा गाडा पलीकडच्या राज्यात झोपणाऱ्या माणसांच्या खांद्यावर आहे.

दुसरी वाट दक्षिणेची, स्नेक नदीच्या दरीतून अल्पाइन गावाकडे. अंतर सुमारे ३७ मैल. गाव शेजारच्या लिंकन काउंटीत आहे, पण राज्य वायोमिंगच. म्हणून करमाफी कायम राहते. भाडे २,३०० धरले तर वर्षाला ९,६०० जास्त. गाडीखर्च त्याच दराने साडेबारा हजारांच्या जवळपास. करबचत सात हजार आणि पगारवाढ साडेतीन हजार धरूनही साडेअकरा हजारांचा खड्डा राहतो. दोन्ही वाटांवर कामगारांसाठी सार्वजनिक बस आहे. तिच्या वेळा ड्यूटीशी जुळल्या तर गाडीखर्चाचा बराच भार हलका होतो. पण जुळल्या तर! हिवाळ्यात पहाटे बर्फ पडत असता दरीतून जाणे आणि रात्री येणे, हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा?

मग जाऊच नये का? तसे आम्ही म्हणत नाही. एक वाट अशी आहे की जिथे हिशोब जुळतो. तिथली रुग्णालये, शाळा, हॉटेले यांना माणसे टिकवायची तर घर द्यावे लागते, म्हणून काही मालक कर्मचाऱ्यांसाठी घरे राखून ठेवतात. रुग्णालयाने २,३०० डॉलर भाड्याने गावातच घर दिले, तर वर्षाला ९,६०० जास्त जातील आणि कर व पगार मिळून १०,५०० येतील. नऊशे डॉलर शिल्लक. डोंगर चढून नऊशे! पण निदान खड्डा नाही, आणि मुलीच्या नावावर चांगल्या जागेचा अनुभव लागतो. काउंटी आणि जॅक्सन गाव मिळून स्थानिक कामगारांसाठी बंधनाची घरेही चालवतात. तिथेच काम करणाऱ्यांना ती मिळतात, पुढे विकताना किमतीवर मर्यादा असते आणि वाटप सोडतीने होते. मात्र जास्त वर्षे तिथे काम केलेल्यांना त्यात झुकते माप मिळते. नव्याने गेलेल्याने त्या भरवशावर सामान बांधू नये.

मालकाच्या घराबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात. आम्ही स्वतः नोकरीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील निवृत्त झाले त्या वर्षी आईने भांडी गोणीत भरताना जे तोंड केले होते ते आजही डोळ्यांपुढे आहे. तीस वर्षे सारवलेली, रंगवलेली, लेकरांचे पाळणे टांगलेली ती खोली आपली नव्हतीच, हे त्या दिवशी कळले. सफाई कामगारांच्या वसाहतीत वाढलेल्या आमच्या शेकडो वाचकांना हे वेगळे सांगायला नको. नोकरीशी बांधलेले घर म्हणजे दोन दोर एकाच खुंटीला. खुंटी उपटली की दोन्ही सुटतात. साहेबाशी मतभेद झाला, आजारपण आले, दिवस गेले आणि रजा वाढली, तर नोकरी जाताना घरही जाते का? किती दिवसांची मुदत? हे आधी लेखी विचारायला हवे. अशा घरात राहावे, पण डोळे उघडे ठेवून राहावे.

आणि जावयांचे काय? त्यांच्या कामाचे आपण पन्नास हजार ‘धरले’ आहेत. धरलेले पैसे बँकेत जमा होत नाहीत. पर्यटनाच्या गावात वसंतात आणि शरदात, म्हणजे बर्फ सरल्यावर आणि बर्फ पडण्याआधी, मंदीचे दिवस येतात. हॉटेले तास कमी करतात. शिवाय काम करण्याचा परवाना ज्याच्या व्हिसावर अवलंबून आहे, त्याने नोकरी बदलताना वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे. जावयांना काम मिळाले नाही, तर वरचे चारही हिशोब कोसळतात. आपल्याकडे मुलीच्या नोकरीसाठी जावई गाव सोडायला तयार झाला, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. म्हणूनच त्याच्या रकान्यात अंदाज नको, नेमणुकीचे पत्र हवे.

कराचा विचार करताना आम्हाला बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलावर नेमके बोट ठेवले होते. उत्पन्न झाले नाही तर प्राप्तीकर भरावा लागत नाही, पण शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, जमीन थोडी असो की फार, महसूल भरावाच लागतो, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे मांडला. कर किती आहे याआधी तो कोणाच्या ऐपतीवर किती जड पडतो हे पाहावे, अशी ती दृष्टी. ज्या राज्यात ऐपतीप्रमाणे कर नाही, तिथे ऐपत न पाहता द्यावे लागणारे भाडे, विक्रीकर आणि पेट्रोल हेच गरिबाचे कर होतात. वायोमिंगच्या डोंगरात उभे राहूनही तीच वही उघडावी लागते.

तेव्हा ज्यांची मुले अशा डोंगरी, महागड्या जागी जाण्याच्या विचारात असतील, त्यांनी हे प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत.

एक, पगार दोघांचा मिळून किती आणि त्यातला लेखी किती?

दोन, घर कुठे, भाडे किती, करार किती महिन्यांचा आणि दरवर्षी वाढ किती?

तीन, ज्या गावात झोपणार ते कोणत्या राज्यात? तिथला कर कोणता?

चार, वाट कोणती, तिला पर्यायी वाट आहे का, बस किती वाजता?

पाच, लहान मूल असेल तर पाळणाघराची जागा आणि दर काय? छोट्या गावात पैसे असूनही पाळणाघर मिळत नाही.

सहा, नोकरी सुटली तर घर किती दिवसांत सोडायचे?

सात, परत यावे लागले तर सामान हलवायला आणि तीन महिने काढायला शिल्लक आहे का?

या सातांपैकी कराचा प्रश्न एकच आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि तोही घराच्या प्रश्नानंतरचा. आमच्या मते भाड्याचा आकडा दोघांच्या मासिक मिळकतीच्या तीस टक्क्यांच्या वर जात असेल तर दहा वेळा विचार करावा. अमेरिकेतही सरकार तीच मर्यादा मानते.

पैशांखेरीज माणसेही मोजावी लागतात. कोलंबसमध्ये मराठी बोलणारी चार घरे आहेत, अडीअडचणीला धावणारे आहेत. तेवीस हजारांच्या डोंगरी काउंटीत, बर्फाच्या लांब हिवाळ्यात, ताप आलेल्या लेकराला घेऊन कुणाचे दार वाजवायचे? जाऊ नये असे नव्हे. जाताना हे माहीत असावे, एवढेच.

आम्ही गुरुजींना सविस्तर उत्तर लिहिले. ‘गुरुजी, लेकीला नको म्हणू नका. ती भित्री नाही आणि तिचा हिशोबही खोटा नाही, अपुरा आहे. तिला सांगा, रुग्णालयाला आधी घराचे विचार. घराचे पत्र आणि जावईबापूंच्या कामाचे पत्र, दोन्ही हाती आली की मग होकार दे. एक जरी आले नाही तरी कोलंबसची नोकरी सोडू नको.’

आठ दिवसांनी गुरुजींचा फोन आला. मुलीने रुग्णालयाला विचारले. त्यांनी दोन वर्षांसाठी कर्मचाऱ्यांच्या घरांच्या यादीत नाव घालता येईल असे कळवले, पण घर केव्हा मिळेल हे सांगितले नाही. मुलगी म्हणाली, ‘मग मीही केव्हा येईन ते सांगत नाही.’ हे सांगताना गुरुजी फोनवर हसत होते. त्या महिन्याचा हप्ताही वेळेवर आला आहे.